चोवीस भोकांची फळी

गुरुवारी दुपारी यंत्रकाका माझ्या चष्म्याच्या दुकानात आले, ते दारातच थांबले आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी सगळ्यात खालच्या बारीक ओळीपासून वरपर्यंत मोठ्यांदा वाचून दाखवला. एकही अक्षर चुकलं नाही.

"चष्मा करायला आलेलो नाही," ते म्हणाले. "आधीच सांगतो, नाहीतर बसवशील त्या खुर्चीत."

क्लबाच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र ते चालवतात, म्हणून मुलांनी त्यांना हे नाव दिलं आहे. त्याच मैदानाच्या एका टोकाला माझे बाबा चौदा वर्षं दर रविवारी सकाळी लहान मुलांना धनुष्यबाण शिकवत होते. बाबा गेले त्याला सात महिने झाले. तेव्हापासून वर्ग बंद होता. तो मी चालवीन, असा अर्ज मी समितीकडे दिला होता.

"समितीनं ते माझ्या गळ्यात टाकलंय," काका म्हणाले. "एक रविवार बघायचं. अकराला मी यंत्र घेऊन येणार. बाणांच्या फळीची चोवीसही भोकं भरलेली दिसली तर वर्ग तुझा. एक जरी रिकामं दिसलं तर जागा फुटबॉलवाल्यांना. ते टपूनच बसलेत."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काका?"

"मला कशाला काय वाटायला हवं? माझा संबंध गवताशी." त्यांनी खुर्चीकडे पुन्हा एकदा संशयानं पाहिलं. "तुझे बाबा एकदाही अकराच्या पुढे गेले नाहीत, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

ते गेल्यावर मी तपासणीला आलेल्या बाईंना चुकून एकच भिंग दोनदा घातलं आणि कुठलं जास्त स्पष्ट दिसतं म्हणून विचारलं. "दुसरं," त्या ठामपणे म्हणाल्या.

फळी बाबांनीच केलेली. ते शाळेत सुतारकाम शिकवायचे. हातभर लांबीचं जाड लाकूड, त्यात आठ-आठच्या तीन ओळींत चोवीस भोकं, प्रत्येक भोकाखाली तापलेल्या तारेनं डागलेला आकडा. तोच आकडा बाणाच्या दांडीवर. आठ मुलं, प्रत्येकाला तीन बाण. वर्ग संपला की ज्यानं त्यानं आपले बाण आपल्या भोकात उभे करायचे. एखादा बाण गवतात राहिला आणि यंत्राच्या पात्याखाली आला तर तुकडे कुठल्या दिशेला उडतील याचा नेम नसतो, म्हणून ही पद्धत. भोक रिकामं असलं की ते मैदानाच्या पलीकडूनही दिसतं, पडलेल्या दातासारखं.

शनिवारी संध्याकाळी मी बाबांच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आठ छोटी धनुष्यं दोऱ्या सोडून खुंट्यांना टांगलेली होती, त्यांनी टांगली होती तशीच. मी प्रत्येक दोरीला मेण लावलं, प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलका वाकवून बघितला. चीर गेलेला बाण किंचित करकरतो. एकही करकरला नाही. शिट्टी खिडकीत होती. तिच्या तोंडावर बाबांच्या दातांच्या खुणा होत्या. मी दुसरी शिट्टी घेतली.

दादा पेंढ्याचे गठ्ठे गाडीत चढवायला आला होता. गठ्ठ्यांवर आम्ही निशाणाचा कागद लावतो.

"तुला जमेल ना नक्की?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मग ठीक आहे. हो म्हणाली असतीस तर मला काळजी वाटली असती."

त्याच्या मागे त्याची मुलगी एका पायावर लंगडी घालत खोलीभर फिरत होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी स्थिर अशी तिला अजून कुणी पाहिलेली नाही. वर्गाला नऊ वर्षं पूर्ण लागतात. हा नियम बाबांनी नातीलाही लावला होता आणि तिनं त्यांच्याशी त्यावरून तीन वर्षं भांडण केलं होतं. गेल्या महिन्यात तिला नऊ पूर्ण झाली.

"आत्या, उद्या बाण हरवला तर वर्ग बंद?" तिनं विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. तो घाईघाईनं गठ्ठा उचलायला लागला.

"हरवणार नाही," मी म्हणाले.

"पण हरवला तर?"

"तर बंद."

भिंगरी क्षणभर दोन्ही पायांवर उभी राहिली.

*

रविवारी सकाळी सात वाजता आठही मुलं हजर होती. पावणेसातलाच होती खरं तर. मी पोचले तेव्हा ती फाटकाला लटकून ते हलवत होती, आणि फाटकापलीकडून यंत्रकाका ओरडत होते, "अरे, ते बिजागरीवर आहे, झाडावर नाही!"

त्यात एका मुलाला मी पहिल्या पाच मिनिटांत प्रश्नोबा म्हणायला लागले. दोन जुळ्या बहिणी होत्या, त्यांची नावं त्यांनी स्वतःच सांगितली: एक आणि दीड. दीड एकपेक्षा चार बोटं उंच होती. मला सगळे आत्या म्हणू लागले, भिंगरी म्हणते म्हणून.

"धनुष्यं कुठायत?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"गाडीत. आधी चालायचं."

मोठा निराशेचा सूर निघाला. बाबांचा वर्ग कधीच धनुष्यानं सुरू व्हायचा नाही. आधी सगळ्या मैदानाला झाडांच्या कडेनं एक फेरी मारायची, आणि परत येईपर्यंत प्रत्येकानं एक अशी गोष्ट पाहायची जी दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. हात लावायचा नाही, तोडायचं नाही, फक्त पाहायचं आणि सांगायचं.

पन्नास पावलांत तो निराशेचा सूर विरला. दवावर एका पक्ष्याच्या पायांची सरळ रांग होती, ती मध्येच संपली होती. "इथून उडाला!" भिंगरी किंचाळली, आणि सगळी मुलं ती शेवटची खूण बघायला गुडघ्यांवर बसली. एकला मुंग्यांची वाट सापडली, तर दीडनं ती वाट कुठे जाते ते पोटावर सरपटत शोधून काढलं आणि पुढून पूर्ण ओली होऊन उठली. प्रश्नोबानं विचारलं, पाऊस पडला नाही तर गवत ओलं का, दव पडतं तर आवाज का येत नाही, आणि दव झाडाच्या खाली का पडत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं.

"आजोबांना माहीत होतं?" त्यानं विचारलं. बाबांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"बहुतेक त्यांनी तुलाच शोधायला लावलं असतं."

डाव्या बाजूच्या कोपऱ्यात कुंपणाच्या झाडीला लागून गवत मुलांच्या कमरेपर्यंत वाढलेलं होतं. तिथून मी त्यांना जरा लांबून नेलं.

मग डोळे. ही माझी आवडती पायरी. दोन्ही हात समोर धरायचे, तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करायचा, त्यातून दूरचं एक झाड बघायचं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. हात आपसूक एका डोळ्यापाशी येतात. तो डोळा नेमाचा. बहुतेकांचा उजवाच असतो. पण उजव्या हाताच्या माणसाचा नेमाचा डोळा डावा असला, तर त्यानं धनुष्य उलट्या हातात धरायचं, नाहीतर बाण भलतीकडे जातो. मी सात मुलांचे डोळे तपासले. सातही उजवे. भिंगरीपाशी आले तेव्हा ती फिरत होती, आणि तिचे डोळे तर मी गेल्याच महिन्यात दुकानात, खुर्चीत बसवून, सगळी भिंगं लावून तपासले होते. दोन्ही ठणठणीत, नंबर शून्य. मी तिला सोडलं आणि पुढे गेले.

मग धनुष्यं निघाली.

तो क्षण मी तीस वर्षांपूर्वी घरच्या अंगणात स्वतः अनुभवलेला आहे, पण बाहेरून पाहण्यात वेगळीच मजा असते. धनुष्य हातात आल्याबरोबर आठही मुलं उंच झाली. दोन शिट्ट्या, रेषेवर या. एक शिट्टी, बाण लावा. तीन शिट्ट्या, चालत जाऊन बाण आणा, चालत, धावत नाही. तीन बोटांनी दोरी. कोपर वर. "हातानं ओढायचं नाही," मी सांगत होते, "पाठीची दोन हाडं एकमेकांना भेटवायची. आणि बाण सोडायचा नाही. बोटांना विसरून जायचं की आपण काही धरलंय."

"विसरायचं कसं?" प्रश्नोबा म्हणाला, आणि बोलण्याच्या नादात त्याच्या हातून बाण सुटला. तो सरळ जाऊन पेंढ्यात घुसला.

मग जो आरडाओरडा झाला तो फाटकापर्यंत गेला असणार.

"असं विसरायचं," मी म्हणाले.

पहिल्या फेरीत निम्मे बाण गठ्ठ्यांत आणि निम्मे समोरच्या कापलेल्या गवतात पडले. चोवीसच्या चोवीस मिळाले. मनगटांवर दोरीचे फटके बसले, ते चामडी पट्टे वर सरकवून एकमेकांना दाखवण्यात आले. केळी खाल्ली. मुलांच्या मते ती फार पटापट संपली. गठ्ठे पाच पावलं मागे नेले. भिंगरीचे पहिल्या फेरीतले तिन्ही बाण गठ्ठ्याच्या डाव्या काठाला लागले होते. मी म्हटलं, मूठ वळत असेल, आणि तिची मूठ नीट केली.

दुसऱ्या फेरीत तिचे पहिले दोन बाण गठ्ठ्याच्या डावीकडे जमिनीत रुतले. तिसरा तिनं सगळा जोर लावून सोडला.

तीन शिट्ट्या झाल्या. मुलं गेली, आली. फळी भरत आली. नवव्या भोकात काही नव्हतं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

*

"वरून गेला," भिंगरी म्हणत होती. "सरळ वरून. मी बघितलं ना."

बाण शोधायची एक पद्धत असते. जमिनीवर आडवा पडलेला बाण गवताच्या खालून सरकतो आणि पूर्ण झाकला जातो, उभं राहून तो दिसत नाही. म्हणून सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून रांग करायची आणि पाय न उचलता, फरफटत पुढे जायचं. बूट बाणाला अडतो. आठ मुलं आणि मी अशा रांगेनं गठ्ठ्यांच्या मागे गेलो, आलो, पुन्हा गेलो. मुलांना हा वर्गाचा सगळ्यात चांगला भाग वाटत होता. दर दोन मिनिटांनी कुणीतरी "सापडला!" म्हणून ओरडायचं आणि ती काडी निघायची. दीडला एक गंजलेला चमचा सापडला. एकला बटण. प्रश्नोबाला वाटलं की आपण इथे शहर खणून काढू.

भिंगरीनं मात्र गेली दहा मिनिटं एकही उडी मारली नव्हती.

"आत्या, माझ्यामुळे जाणार ना वर्ग?"

"अजून पंचवीस मिनिटं आहेत."

"बाकी सगळ्यांचे बाण आहेत. माझाच नाही."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "मला दाखव तू कसा सोडलास. धनुष्य नको, नुसते हात."

तिनं डावा हात लांब केला, उजवा हनुवटीशी आणला, आणि निशाणाकडे बघितलं. मान किंचित वळलेली होती. इतकी किंचित, की मुठीकडे बघणाऱ्या माणसाला ती दिसली नसती. निशाणाकडे तिचा डावा डोळा बघत होता.

"त्रिकोण कर," मी म्हणाले.

तिनं तळवे जोडले, झाड धरलं, हात मागे आणले. ते थेट डाव्या डोळ्यावर येऊन टेकले.

नंबर शून्य. दोन्ही ठणठणीत. दिवसाला वीस माणसांचे डोळे बघणारी मी, आणि आमच्याच घरातल्या मुलीचा नेमाचा डोळा कुठला हे मी बघितलं नव्हतं, कारण तिचे डोळे मला माहीत आहेत असं मला वाटत होतं. बाबा दर वर्षी प्रत्येकाचा त्रिकोण करायचे. स्वतःचाही करायचे.

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळे. तुझा डोळा डावा आहे, ते मी तपासलं नाही. तू सरळ मारलास म्हणून तो तिकडे गेला." आणि मी डावीकडे हात केला. गठ्ठ्यांपासून कितीतरी लांब, कुंपणाकडे, त्या वाढलेल्या गवताकडे.

आठही माना तिकडे वळल्या.

"जंगलात!" दीड म्हणाली, आणि मला तीन शिट्ट्या वाजवायचं भान राहण्याआधीच सगळे निघाले. चालत, पण ते चालणं असं होतं की त्याला धावणं म्हणण्यात फारसा अन्याय झाला नसता.

आत शिरल्यावर पायांखालून काय काय उडालं! नाकतोडे, पांढरी फुलपाखरं, एक तपकिरी पक्षी जो प्रश्नोबाच्या अगदी बुटाजवळून निघाला आणि त्याला मागे बसवून गेला. गवताचे तुरे भिंगरीच्या नाकाला लागत होते. ती शिंकत, दोन्ही हातांनी गवत बाजूला करत पुढे जात होती, आणि आता ती पुन्हा भिंगरी झाली होती.

"सापडला!" एक ओरडली. "काडी नाही! खरंच! आत्या, काडी नाही!"

तिच्या हातात बाण होता.

मी तो घेतला आणि लगेच कळलं. दांडी राखाडी पडली होती. तीनपैकी दोन पिसं किड्यांनी खाल्लेली होती, तिसऱ्याचा नुसता कणा उरला होता. टोकावर गंजाचा थर. मातीवर अंगठा फिरवला तर खाली डागलेला आकडा निघाला. चार.

चार नंबरचा बाण फळीत होता. मी सकाळीच तो दीडच्या हातात दिला होता.

म्हणजे चार नंबर दोन होते. हा कधीतरी, दोन-तीन वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी हातून इथे आला आणि सापडला नाही. आणि बाबांनी मागच्या खोलीत बसून दुसरा बाण केला, त्यावर चारचा आकडा डागला, आणि अकरा वाजता भरलेली फळी दाखवली. ज्या माणसानं मला लहानपणी गृहपाठात एक ओळ गाळली म्हणून पूर्ण पान पुन्हा लिहायला लावलं होतं, त्यानं. मला हसू आलं. इतकं अचानक, की मुलांना वाटलं मी रडतेय, आणि ती जरा मागे सरकली.

लांबून यंत्राचा आवाज येऊ लागला. अकराला सात कमी होती.

मी तो बाण घेऊन फळीपाशी गेले. मुलं मागोमाग आली. नवव्या भोकावर मी तो धरला. आकडा आत, खाली जातो. कुणी उपटून बघितल्याशिवाय दिसत नाही. पिसं खराब, पण बाण आहे. बाबांनी केलं ते मी केलं, तर त्यात काय मोठंसं? मी तो आत घातला. फळी भरली.

"पण हा भिंगरीचा नाहीये," दीड म्हणाली.

"गप ना," एक म्हणाली.

"मग भिंगरीचा आत्ता कुठे आहे?" प्रश्नोबानं विचारलं. त्यात काही खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

यंत्रकाकांनी यंत्र बंद केलं, उतरले, पँटला हात पुसले आणि बोटानं एकेक भोक मोजलं. नवव्यापाशी त्यांचं बोट क्षणभर थांबलं असं मला वाटलं. मग पुढे गेलं.

"चोवीस," ते म्हणाले. "झालं की. उगाच घाबरत होतीस." आणि ते यंत्राकडे वळले.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. बाकी सात जणही. सकाळी फाटकाला लटकलेली मुलं शिस्तीत ओळीनं उभी होती, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

काका बसले. किल्लीला हात घातला.

"काका, थांबा," मी म्हणाले. "एक बाण अजून आत आहे. नऊ नंबर. फळीत लावलाय तो जुना आहे, आत्ता त्या गवतात सापडला. मी भोक भरायला घातला."

त्यांनी किल्लीवरचा हात काढला. उतरले. फळीतून तो बाण उपसला, डागलेला आकडा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गुरुवारी दुकानात पाहिलं नव्हतं.

"चार नंबर!" ते म्हणाले. "अरे, हा इथे होता होय? तीन वर्षं झाली याला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? तुझे बाबा त्या दिवशी मला येऊन सांगून गेले ना. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत शोधला. मग मी म्हटलं, तुम्ही नवा करून टाका, रिकामं भोक बघितलं की समितीवाले अंगात आल्यासारखं करतात. मी तो कोपरा सोडतो, यंत्र नेत नाही तिकडे. तेव्हापासून नेलं नाही." त्यांनी बाणानंच गवताकडे दाखवलं. "तुला काय वाटलं, मला कापायला विसर पडला? तीन वर्षं?"

मला काय वाटलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा मला बाबांना फोन करून शिव्या घालाव्याशा वाटल्या, आणि माफी मागावीशी वाटली, दोन्ही एकाच फोनमध्ये.

"मग आता?" भिंगरीनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एक भोक रिकामं आहे. वर्ग बंद?"

काकांनी डोकं खाजवलं. "समितीला चोवीस सांगायचेत. ते मी सांगीन, नवा बाण करून आणा पुढच्या वेळी. मला स्वतःला फक्त एवढंच लागतं, यंत्र कुठे न्यायचं नाही ते कुणीतरी मला सांगावं. आजच्यापुरता तो कोपरा राहू दे तसाच. पुढच्या रविवारी पुन्हा बघू."

कुणालाच लगेच कळलं नाही. मग दीडला कळलं.

"पुढच्या रविवारी!" ती ओरडली. "पुढच्या रविवारी म्हणाले! आत्या, ते पुढच्या रविवारी म्हणाले!"

त्यानंतर दोन मिनिटं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. काकांनी कानांवर हात ठेवले. "यंत्र बरं यापेक्षा," ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तसं काय, अर्धा तास उशीर झाला तर गवत काही पळून जात नाही. एकदा बघून टाकू."

तर नऊ मुलं झाली. काका रांगेच्या टोकाला पाय फरफटत चालत होते आणि एकला सांगत होते की तिला बूट फरफटवता येत नाहीत. गवत दोनदा पालथं घातलं. काही नाही. ऊन चढलं होतं. प्रश्नोबा दमला आणि झाडीच्या सावलीत सरळ उताणा पडला.

"आत्या," थोड्या वेळानं तो म्हणाला, "पक्षी घरट्याला बाण वापरतात का?"

"नाही रे."

"मग वर काय आहे?"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. तासभर आम्ही फक्त जमिनीकडे बघितलं होतं. काकांच्या डोक्याच्याही वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, नऊ नंबर आडवा अडकलेला होता. लाल पिसं वाऱ्यावर हलत होती, आम्ही कधी वर बघतोय याची वाट बघत असल्यासारखी.

काकांनी बंद यंत्र झाडाखाली ढकलत आणलं. भिंगरी सीटवर चढली, मी तिचे गुडघे धरले, काकांनी माझ्यामागून यंत्र धरलं, आणि बाकीच्या सात जणांनी एकाच वेळी सात वेगवेगळ्या सूचना दिल्या. तिनं बाण काढला. दोन्ही हातांनी तो वर धरला आणि सीटवर एका पायावर उभी राहिली.

"खाली उतर!" काका आणि मी एकदम ओरडलो.

फळी भरली. या वेळी भिंगरीनं तो बाण भोकात घातल्यावर आकडा दिसतो का हे वाकून बघितलं.

काका यंत्रावर बसले आणि कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "चला, आता दोन्ही निघाले. हेही कापून टाकतो."

"नको!" आठही जण.

"का नको? आता बाण नाही त्यात."

"पक्षी आहे," प्रश्नोबा म्हणाला. "तपकिरी. त्याचं घर कुठे आहे ते मी अजून बघितलं नाही."

"नाकतोडे आहेत," दीड म्हणाली.

"आणि माझा चमचा तिकडेच पडलाय," एक म्हणाली.

"माझा चमचा!" दीड म्हणाली. "सापडला मला!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी काहीतरी पुटपुटत किल्ली फिरवली. यंत्र धडधडलं, मुलं मागे सरली. ते सरळ कोपऱ्याकडे गेले, आणि अगदी गवताच्या काठापाशी जाऊन त्यांनी वळण घेतलं.

भिंगरी माझा हात ओढून काहीतरी ओरडत होती. ओठांवरून मला कळलं: पुढच्या रविवारी किती वाजता. मी मोठ्यांदा सांगितलं, ते यंत्राच्या आवाजात बुडून गेलं. म्हणून मी दोन्ही हात वर केले आणि सात बोटं दाखवली.

तिनं मान हलवली आणि सहा दाखवली.